मडक्यातला खोकला

थाळ्या तळ्यात जीवराम भोई उतरला तर पाण्यालाही कळत नाही, असं दोंडाईच्याच्या आसपासची चार गावं म्हणत. जीवराम ते ऐकायचा, मान खाली घालायचा आणि आणखी कुणी तेच म्हणेल म्हणून थोडा वेळ तिथेच रेंगाळायचा. एवढी एक खोड सोडली तर माणूस वाईट नव्हता.

तळं ताटासारखं पसरट, म्हणून नाव थाळ्या. मध्यावर पाणी छातीला, काठाला गुडघ्याला. तळाशी चिखल, गवत आणि गोगलगायी. पाखरांना आणखी काय हवं? दिवाळी झाली की थापटे, शेकाटे, चक्रवाक थव्याने यायचे आणि होळीपर्यंत मुक्काम ठोकायचे. रविवारी दोंडाईच्याचे व्यापारी गाड्या जुंपून बांधावर हुरडा खायला येत, आणि त्यांच्या बायका पाण्यात पाय सोडून पाखरं बघत बसत.

भोई ती पाखरं धरत, तीही नुसत्या हाताने. आधी आठ-दहा दिवस रिकामी मडकी तळ्यात सोडून द्यायची. पाखरं सुरुवातीला बिचकतात, मग मडक्यांना अंग घासत पोहतात. एकदा त्यांची भीड मोडली की डोळ्यांपुरती दोन भोकं पाडलेलं मडकं डोक्यावर पालथं घालायचं, गुडघे वाकवून गळाभर पाण्यात हळूहळू सरकायचं आणि पाण्याखालून पाखराचा पाय धरायचा. कायदा एकच, मडक्यात खोकायचं नाही. एक मडकं खोकलं की त्या हिवाळ्यात पाखरू कुठल्याच मडक्यावर विश्वास ठेवत नाही, आणि सगळ्या भोईवाड्याच्या पोटावर पाय येतो. म्हणून सर्दी झालेला गडी बांधावरच बसे. तरी कुणी खोकलाच, तर पाण्यात त्याच्या शेजारी असलेल्या गड्याने त्याचं मडकं बांधावर फोडायचं, आणि खोकणाऱ्याने पुढच्या दिवाळीपर्यंत तळ्यात पाय घालायचा नाही.

धुळ्याचे नाना, शाळेतले ड्रॉइंग मास्तर, दर हिवाळ्यात इथे मुक्कामाला येत. भोयांनी धरलेलं पाखरू हातात घ्यायचं, वहीत त्याचं रंगीत चित्र काढायचं आणि पाखरू सोडून द्यायचं, असा त्यांचा छंद. चित्राखाली पाखराचं नाव आणि धरणाऱ्याचं नाव. नऊ हिवाळे प्रत्येक चित्राखाली जीवराम होता. त्याला अक्षर येत नव्हतं, पण आपल्या नावाचा आकार पाठ होता. चौतीस सालच्या हिवाळ्यात चित्रांखाली दुसराच आकार दिसायला लागला.

तो आकार होता चिंध्याचा. चिंधा म्हणजे जीवरामचा सख्खा मेहुणा, कमलबाईचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी जीवरामनेच त्याला मडकं घालायला शिकवलं होतं. आता नाना उठल्याबसल्या विचारत, "चिंधा कुठे आहे?" जीवरामच्या नाकाला मिरच्या झोंबत. घरी जेवायला बसावं तर कमलबाई भाकरी वाढता वाढता म्हणे, "मन्हा भाऊ भलता हुशार शे." मग ती भाकरीही गोड लागत नसे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं तो पुटपुटे आणि पाणी पिऊन उठे.

पौषात नानांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "ही वही आता मुंबईला छापायला जाणार. फक्त चक्रवाक राहिलाय. तो धरून द्याल, तर पुस्तकाचं पहिलं पान त्याचं, आणि धरणाऱ्याचं."

चक्रवाक हे महासावध पाखरू. स्वतः तर उडतंच, जाताना ओरडून साऱ्या तळ्याला उठवतं. नऊ हिवाळ्यांत ते जीवरामच्या हाती लागलं नव्हतं. त्या रात्री त्याला झोप आली नाही. पहिल्या पानावर आपलं नाव, एवढं एकच त्याला या जन्मी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच जण पाण्यात उतरले. एक चक्रवाक थव्यापासून थोडा दूर, डोकं पंखात खुपसून तरंगत होता. जीवराम सरकू लागला. तासाभराने त्याने भोकातून पाहिलं, तर पाखराच्या पलीकडे, जेमतेम हातभर अंतरावर, आणखी एक मडकं होतं. चिंध्याचं.

जीवरामला अजून चार हात जायचं होतं. पहिलं पान गेलं. पुस्तक मुंबईला जाणार, शिकलेली माणसं ते उघडणार, आणि आधी नाव वाचणार चिंध्याचं. आपण शिकवलेला. आपल्या घरची भाकरी खाणारा. जीवरामच्या छातीत काहीतरी दाटलं, आणि तो कफ नव्हता.

तो खोकला.

चक्रवाक ओरडत उडाला. त्याच्यामागे थापटे उठले, शेकाटे उठले, तळ्याचं पाणी फडफडून पांढरं झालं. बघता बघता तळं रिकामं पडलं. पाण्यावर फक्त मडकी उरली.

बांधावर हिलाल आबा वाट बघत होते. भोईवाड्यात त्यांचा शब्द शेवटचा. भोईवाडा गोळा झाला, कमलबाई आली, वही घेऊन नानाही आले. "कोन खोकलना?" आबांनी विचारलं. मडक्यातला आवाज सगळ्यांचा सारखाच, कुणाला काही सांगता येईना. चिंध्याने एकदा जीवरामकडे पाहिलं. तो सगळ्यांत जवळ होता, त्याला ठाऊक होतं.

"माले खोकला उना, आबा," चिंधा म्हणाला.

आबांनी मान हलवली. "जीवराम, तू त्याना बाजूले व्हता. फोड त्यानं मडकं."

जीवरामच्या हातात चिंध्याचं मडकं आलं. जे हवं होतं ते आयतं मिळालं. मेहुणा पुढच्या दिवाळीपर्यंत काठावर बसणार, तळं पुन्हा एकट्या जीवरामचं. शहाण्या माणसाने मडकं फोडलं असतं आणि घरी जाऊन भाकरी खाल्ली असती.

पण नानांनी चिंध्याच्या खांद्यावर हात ठेवला. "इतक्या लोकांसमोर चूक पदरात घेणारा माणूस मी पाहिला नाही," ते म्हणाले. "चक्रवाक राहू दे. पहिल्या पानावर मी तुझंच चित्र काढतो." कमलबाईने पदराने डोळे पुसले. म्हातारे भोईसुद्धा माना डोलवत होते.

जीवरामच्या अंगाची आग आग झाली. खोकला त्याचा, आणि नाव चिंध्याचं. एवढी एक गोष्ट त्याने स्वतः केली होती, तीही हा घेऊन चालला होता.

"खोटं शे," तो ओरडला. "तो नही. मी खोकलनू. मुद्दाम खोकलनू."

"का?" आबांनी विचारलं.

"चक्रवाक त्याले सापडता, म्हनीसन."

कमलबाईने तोंड फिरवलं. आबांनी चिंध्याचं मडकं जीवरामच्या हातातून काढून घेतलं आणि जीवरामचं मडकं चिंध्याच्या हातात दिलं.

चिंधा ते धरून नुसता उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले. "दाजी, मन्हा हात नही उठस," तो म्हणाला.

"काय मन आहे या माणसाचं," नाना हळूच म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल हातात घेतली.

जीवरामने ती पेन्सिल पाहिली. त्याने चिंध्याच्या हातातून मडकं हिसकावलं आणि स्वतःच दगडावर आपटून फोडलं. चिंध्याने फोडलं असतं, तर तेही नानांनी वहीत काढलं असतं.