दगडापुढचा झाडू

"झाडू नको गं, दिवा लावलाय," गुरुबसप्पा देवळीकडे तोंड करून म्हणाला, आणि हातातली काडी बोट भाजेपर्यंत तशीच धरून राहिला.

अंगणात झाडू फिरत होता. खर्र, खर्र, जरा थांबून पुन्हा खर्र. त्याची बायको गौरम्मा अशीच झाडायची. पण गौरम्माला वैशाखात माती दिली होती, आणि आता माघ संपत आला होता.

तो बाहेर आला. अंगणात कुणी नव्हतं. लिंबाचा पाला घोट्याएवढा साचला होता. त्या पाल्यातून एक पट्टा मात्र स्वच्छ निघाला होता. कोपऱ्यातल्या जात्यापासून सुरू झालेला, जात्याएवढाच रुंद. फाटकाकडे निघाला होता आणि मध्येच थांबला होता.

भिंतीपलीकडून शिवम्माने डोकं वर काढलं. ती गौरम्माची जुनी शेजारीण.

"अण्णा, झाडायला बाई लावली का काय?"

"न्हाई."

"मग कोण झाडून राहिलं? कालबी ऐकलं म्या."

"वारं असंल."

"वाऱ्याला झाडू कुणी दिला?"

गुरुबसप्पा ओसरीकडे वळला. त्याने वर पाहिलं. झाडू ओसरीच्या पत्र्याखाली खोचलेला होता, त्याने खोचला होता तसाच. त्यावर कोळ्याचं जाळं धरलं होतं.

तो झाडू तिथे का होता, हे शिवम्माला पक्कं ठाऊक होतं. गौरम्माला घेऊन माणसं निघाली तेव्हा अंगण झाडायला तिनेच हात घातला होता. गुरुबसप्पाने मागे वळून तिच्या हातातून झाडू ओढून घेतला. "माणूस घरातून निघालं की लगेच झाडू नये. तिला पोचू दे," तो म्हणाला. शिवम्मा हळूच म्हणाली होती, "अण्णा, ती गावाला न्हाई चालली." पण त्याने ऐकलं नाही. गौरम्मा पोचल्याचा निरोप कुणी आणला नाही, आणि त्याने अंगणाला झाडू लागू दिला नाही. घर तो ओल्या फडक्याने पुसायचा. अंगण तसंच पडलं.

उदगीरच्या बर्फाच्या कारखान्यात त्याचा सगळा जन्म गेला. लग्नाला लाद्या, रसवंतीला लाद्या, आणि उन्हाळ्यात कुणी गेलं, लेकरं लांबून यायची असली, की तिथेही लाद्या. घरी आला तरी त्याचे हात गार असायचे. गौरम्मा म्हणायची, "हात लांब ठेवा, भाकर निवती."

चार वर्षांमागे हैदराबादच्या लेकीने, मंजुश्रीने, आपला जुना मोबाइल आईला दिला. त्यावर चीनमधलं हिवाळी ऑलिंपिक चालू होतं. गौरम्माने हाक मारली, "ओ, हितं बघा. ह्या बायका जात्याचा वरचा दगड ढकलून राहिल्या. आन् पुढं दोघी झाडत पळून राहिल्या."

खरंच तसं दिसत होतं. गोल, जड दगड, वर धरायला दांडा. बर्फावरून सरकत चालला होता. मंजुश्रीने फोनवर हसत हसत सांगितलं, "अव्वा, ते जातं न्हाई. कर्लिंग म्हणतात त्याला." पण गौरम्मा शेवटपर्यंत जात्याचा खेळच म्हणाली.

मंजुश्री विचारलं तेवढं सांगायची. हे दगड स्कॉटलंडजवळच्या एका ओसाड बेटावरच्या खडकाचे करतात. पुढे झाडलं की दगड लांब जातो, सरळ जातो. बर्फावर गोल आखलेले असतात, त्यांना घरच म्हणतात. चालत्या दगडाला झाडू लागला तर दगड जळाला म्हणतात.

"बर्फावर जळतो?" गौरम्माने विचारलं होतं.

"म्हणायची रीत हाय, अव्वा."

शंभर वर्षांमागे पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं, तेव्हा ह्या खेळात जिंकलेल्यांची पदकं खरी धरायची की नाही, हे ठरायला ऐंशीवर वर्षं गेली. तोवर ते खेळाडू कधीच मातीत गेले होते. हे ऐकून गौरम्माने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाली, "म्हंजी मेल्यावरबी पोचायचं ऱ्हातं."

लातूरच्या दवाखान्यात, शेवटी शेवटी, तिने त्याचा गार हात कपाळावर ओढून घेतला होता. "मी निघाले की पुढं झाडा. न्हाई तर मधीच थांबीन मी."

"उगी ऱ्हा," तो म्हणाला होता.

त्याने ऐकलं होतं, पण निघायच्या वेळी त्याला रीतच आठवली. मागे झाडू नये. ती पुढे म्हणाली होती.

गौरम्मा गेल्यावर मंजुश्री पोचेपर्यंत तिला थांबवायचं होतं. लिंगायत रीतीने, जंगमस्वामींनी सांगितल्याप्रमाणे तिला अंगणात बसवलं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, पाठ भिंतीला, जात्याच्या शेजारी. तिन्ही बाजूंनी त्याच्याच कारखान्यातल्या लाद्या. त्यांचं पाणी अंगणातून फाटकाकडे निघालं आणि मध्येच जमिनीत जिरलं. आता तो पट्टा थांबला होता तो तिथेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुश्रीचा फोन आला.

"अप्पा, अव्वाचा खेळ लागलाय. औंदा इटलीत हाय. बघा की जरा."

त्याने कपाटातून जुना मोबाइल काढला. चार्ज केला. एका बाईने दगड सोडला, पण जोर कमी पडला. पुढे झाडणाऱ्या दोघी कंबर मोडेपर्यंत घासत होत्या. पलीकडच्या टोकाला उभी राहिलेली बाई ओरडत होती. दगड हळू झाला, थांबला. मग एकीने तो पायाने बाजूला सारला.

त्याने मंजुश्रीला परत फोन लावला. "त्यो दगड का काढला गं?"

"रेषेच्या अलीकडं थांबला ना, अप्पा. मग त्यो धरत न्हाईत."

"धरत न्हाईत म्हंजी?"

"खेळातच न्हाई त्यो. जणू टाकलाच न्हाई." ती थांबली. "अप्पा? काय झालं?"

"काई न्हाई," तो म्हणाला.

दिवेलागणीला त्याने देवळीत दिवा लावला आणि पत्र्याखालचा झाडू काढला. जाळं हाताला चिकटलं.

"अण्णा," शिवम्मा भिंतीवरून म्हणाली, "दिवा लागलाय. आता झाडलं की लक्ष्मी जाती घरातली."

"जाऊ दे. तिला जायचंच हाय."

शिवम्माने पदर तोंडाला लावला. जात्याच्या कोपऱ्यात खर्र सुरू झालं होतं.

गुरुबसप्पा त्या आवाजाच्या पुढे गेला. पट्टा संपला होता तिथे वाकला आणि झाडू लागला. पाला दोन्हीकडे उडाला. मागचा झाडूचा आवाज बंद पडला. मग त्याच्या टाचांमागे दुसराच आवाज उठला, दगड सरकल्यासारखा, घर्र करून, जड आणि सावकाश. कारखान्यात टाकीवरची फळी उचलली की पायांवर जो गारठा येतो, तो पोटऱ्यांना लागला.

त्याने मागे पाहिलं नाही. झाडू मागे जाऊ दिला नाही. लागला तर जळेल, आणि आपल्यात जाळत नाहीत.

फाटकापाशी त्याला दम लागला. तो थांबला, तसा मागचा आवाजही मंदावला, जवळजवळ गेलाच. "थांबू नको," तो म्हणाला आणि पुन्हा वाकला. गल्लीत माणसं ओट्यांवर बसली होती. कुणीतरी विचारलं, "गुरुबसप्पा, ह्या वक्ताला?" पण मग सगळ्यांनीच पाय वर घेतले. एक कुत्रं उठून भिंतीला चिकटलं.

गल्ली संपली की रुद्रभूमी, माती द्यायची जागा. गौरम्माच्या समाधीपर्यंत त्याने वाट काढली, मग तिच्याभोवती गोल झाडला, मोबाइलवर पाहिला होता तसा. आणि बाजूला झाला.

दगडाला दगड टेकल्यासारखा हलका आवाज झाला. पोटऱ्यांवरचा गारठा गेला. माघातली साधी, कोरडी हवा उरली.

तेव्हा कुठे तो वळला. समाधीपासून गल्लीपर्यंत आणि गल्लीतून त्याच्या फाटकापर्यंत वाट चोख पडली होती, जात्याएवढी रुंद. तिच्यावरूनच तो चालत आला होता. पण त्या मातीत त्याचं एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. माती सारी सपाट, दाबून बसल्यासारखी होती.

गुरुबसप्पाने झाडू काखेत धरला आणि घराकडे निघाला. त्या वाटेवर पाय पडू नये म्हणून तो कडेकडेने, पाल्यातून चालत राहिला.