थर्माकोलचा कातळ

गाडीत बसतानाच चकव्याच्या बायकोने दम भरला होता. "अहो, आज भाऊजी तुमच्याशी बोलले पाहिजेत. नाहीतर ताईकडचं माझं जाणं-येणं संपलंच म्हणून समजा."

चकवा हे त्याचं टोपणनाव. धंदा नाटकाच्या नेपथ्याचा. थर्माकोलचा खांब असा रंगवायचा की नट विश्वासाने टेकायला जावा आणि तोंडावर आपटावा. साडू मात्र हेडमास्तर. त्यांच्या निरोप समारंभात चकव्याने त्यांच्यासाठी थर्माकोलची खुर्ची मांडली आणि अख्ख्या शाळेदेखत मास्तर जमिनीवर! तेव्हापासून चौदा महिने मास्तरांनी त्याच्याशी चकार शब्द काढला नव्हता.

"हसवलं की बोलतील," असं मनाशी म्हणत चकव्याने मांडीवरची फुगलेली पिशवी सारखी केली.

चौघं दरीत उतरले. ज्वालामुखी कधीचाच थंड झालेला. त्याच्या काळ्या दगडाचे सहाकोनी खांब एकमेकांना चिकटून उभे, पेन्सिलींची जुडी बांधावी तसे. मास्तर बायकोला फलक वाचून दाखवत होते, "संरक्षित क्षेत्र. इथून खडाही नेऊ नये." चकव्याकडे पाठ.

"साडूभाऊ, सांभाळा!"

मास्तरांनी वळून पाहिलं. चकवा भला थोरला काळा धोंडा डोक्यावर घेऊन उभा! धोंडा सुटला, मास्तर मटकन खाली बसले. धोंडा त्यांच्या टोपीवर टप्पा खाऊन उशीसारखा बाजूला पडला.

हसलं कुणीच नाही. मास्तर पँट झटकून चालू लागले.

"खाल्लंत शेण?" बायको दातओठ खात म्हणाली.

फाटकावर रखवालदाराने चकव्याची पिशवी उघडली. "दगड चोरता?"

"थर्माकोल आहे हो! उचलून बघा, किती हलका."

"इथला हलकाच असतो. लाव्हाचा फेस तो, पाण्यावर तरंगतो. मला शिकवता?"

"अहो, मी स्वतः बनवलाय!"

"हो का? आणि ज्वालामुखी कुणी, तुमच्या आजोबांनी?"

आपला धोंडा इतका खरा वाटला याचा चकव्याला धड आनंदही होईना आणि घामही थांबेना. "साडूभाऊ, तुम्ही तरी सांगा!"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "साहेब, मी हेडमास्तर होतो. तिसऱ्या वळणावर, कड्याखालून उचलला यांनी. माझ्या डोळ्यांदेखत."

"बोलले! भाऊजी बोलले!" चकव्याच्या बायकोने टाळ्या पिटल्या.

रखवालदाराने दंडाची वही काढली. चार दिवस खपून रंगवलेला धोंडा चकव्याने कळवळत गुडघ्यावर मोडला. आतून पांढरेशुभ्र दाणे भुर्रकन वाऱ्यावर.

रखवालदार आ वासून बघत राहिला. मग भानावर येऊन ओरडला, "आणि हा कचरा? एकेक दाणा वेचायचा!"

चकवा उकिडवा बसून वेचू लागला. थोड्या वेळाने शेजारी कुणीतरी बसलं. मास्तर.

"चक्क खोटं बोललात तुम्ही, साडूभाऊ."

"तुमच्या डावीकडे दोन राहिले, ते उचला आधी." मग मास्तरांनी मागे पाहिलं, दोन्ही बहिणी लांब आहेत याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "तसली खुर्ची अजून एक होईल का? रविवारी आमचे व्याही येताहेत."