आडवीच ठेवा

बाइंडिंगच्या कारखान्यात आत्याला सगळे ‘इंजेक्शनबाई’ म्हणायचे. म्हणोत बापडे! दर महिन्याला जेवणाच्या सुट्टीत ती सगळ्यांना पुठ्ठ्यांच्या थप्प्यांपाशी बसवायची आणि तेच पुराण लावायची: इथं तुमच्यातच काम करणाऱ्या माझ्या भाचीला काजूबदामाचा कणसुद्धा चालत नाही. ओठ सुजले, श्वास लागला की हे इंजेक्शनचं पेन मांडीत खुपसायचं, कपड्यावरूनच, विचार करत बसायचं नाही. आणि मग तिला आडवंच ठेवायचं. पेनाचं सगळ्यांना पाठ झालं. आडवं ठेवायचं मात्र पालथ्या घड्यावर पाणी.

आज मॅनेजरांचा वाढदिवस. बिचाऱ्यांनी भाचीसाठी मुद्दाम वेगळा केक आणला, दुकानदाराला तीनतीनदा विचारून. आणि कापला कशाने? ज्या सुरीने बदामाचा कापला, तिनेच! नुसती रुमालाला पुसून. आता अशा चांगुलपणाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

दोन घासांत पोरीच्या अंगावर गांधी उठल्या, आवाज बसला, आणि ती खळीच्या बादलीशेजारी कोसळली. आत्याला काही केल्या पर्सची चेन उघडेना. एवढी व्याख्यानं देणारी बाई! शेवटी कागद कापायच्या मशीनवरच्या कटिंगवाल्याने पर्स ओढून घेतली, पेन काढलं आणि मांडीत खुपसलं, अगदी शिकवल्याबरहुकूम. आत्याने कागदाचं रीम सरकवून पोरीचे पाय त्यावर ठेवले. कुणीतरी रुग्णवाहिकेला फोन केला. पाचएक मिनिटांत पोरीचा श्वास मोकळा झाला.

“शाब्बास रे पठ्ठ्या!” मॅनेजर कटिंगवाल्याला म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “चला, उठवा तिला. खाली माझी गाडी उभी आहे, रुग्णवाहिकेची वाट कोण बघत बसणार?”

“हात लावू नका तिला!” आत्या ओरडली.

“आत्या, बरं वाटतंय मला,” भाची कोपरावर उठत म्हणाली. “आणि मला बाथरूमला जायचंय गं. सगळ्यांसमोर असे पाय वर करून... सोड ना!”

बरं वाटतंय मला. आत्याने दोन्ही हातांनी पोरीचे खांदे जमिनीला दाबले. पोर तरणीताठी, आत्याची हाडं पन्नाशीची.

“इथंच होऊ दे काय व्हायचं ते. मी पुसते.”

“वेड लागलंय का तुला? दुखतंय मला!”

“बाई, ऐका जरा,” मॅनेजर वाकले. “पोरगी चांगली बोलतेय. तुम्ही घाबरलाय, व्हा बाजूला.” आणि त्यांनी भाचीचा हात धरला.

आता काय करावं? सात वर्षं जे वहिनीसमोर ओठांवर आलं नाही, कुणासमोरच आलं नाही, तेवढंच आता तिच्यापाशी उरलं होतं.

“तुझ्या बापालाही बरं वाटत होतं,” ती म्हणाली. “औषध लागू पडलं होतं त्याला. मीच म्हटलं, दादा, ऊठ, गाडीपर्यंत चल. मीच बगलेत हात घालून उभा केला. तिसऱ्या पावलाला पडला. डॉक्टर म्हणाले, उभं केलं की रक्त पायांत उतरतं, हृदयाला काही उरत नाही. आडवा ठेवला असता तर वाचला असता. नुसत्या अ‍ॅलर्जीने नाही गं गेला तो. मी घालवला.”

मॅनेजरांनी हात सोडला. भाचीने डोकं हळूहळू जमिनीवर टेकलं. ती आत्याकडे बघत राहिली, मग तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

थोड्या वेळाने तिचे कपडे ओले झाले. कटिंगवाल्याने न सांगता सगळ्यांना पाठ फिरवायला लावली. आत्याने एप्रन काढून तिच्यावर घातला आणि जमीन पुसली.

रुग्णवाहिकेची माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली.

“सोबत कोण येतंय? नातेवाईक?”

आत्या पुढे झाली.

“आईला फोन करा,” भाची डोळे मिटूनच म्हणाली. “हिला नको.”

आत्या होती तिथेच थांबली. बरोबरच होतं पोरीचं. पण जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर तिरकं झालेलं दिसलं आणि तिला राहवेना. पर्समधलं दुसरं, जादा पेन मुठीत धरून ती धावत खाली गेली आणि तिने ते पुढच्या माणसाच्या खिशात कोंबलं.

“आडवीच ठेवा हं तिला,” ती म्हणाली. “बरं वाटतंय म्हणाली तरी.”