आधी रोहिणी, मग काक्षी

शकुंतला कॉलेजच्या गच्चीवर आली आणि थेट दुर्बिणीपाशी गेली. कालच वडिलांचा तेरावा झाला होता. आज त्यांच्या दुर्बिणीला शेंगाचटणीच्या तेलाची बोटं लागली होती.

डोळ्यांना न दिसणारा, ताऱ्यांचा अवरक्त उजेड मोजणारं यंत्र तिच्या वडिलांनी, नारायण सरांनी, त्या दुर्बिणीला स्वतःच्या हातानं बसवलं होतं. आता ते त्यांचे सहकारी बिडवे चालवत होते.

"या शकूताई!" गालातलं पान सावरत बिडवे म्हणाले. "उद्याच्या शोकसभेत धमाका आहे. सर गेले अन् मृगातला काक्षी तारा मंदावला! अवरक्त उजेड थेट निम्म्यावर. पेपरवाल्यांनाही सांगितलंय."

"रोहिणी मोजलीत?"

"ती रोज कशाला? सरांचा जुना आकडा आहे की."

सरांचा नेम ठरलेला होता. आधी रोहिणी, मग काक्षी, पुन्हा रोहिणी. रोहिणीचा उजेड माहीत असलेला. ती कमी भरली तर दोष यंत्राचा नाहीतर हवेचा. बायको दवाखान्यात होती तेव्हाही हा नेम त्यांनी मोडला नव्हता.

शकुंतलेनं यंत्राचं झाकण उघडलं. उजेड टिपणारी आतली पट्टी गोठवून ठेवायला सर पुण्याहून साध्या बर्फाहून कितीतरी गार असा कोरडा बर्फ मागवत. त्या कप्प्यात रसवंतीतला बर्फ वितळत होता, आणि त्या पाण्यात उसाचा चोथा तरंगत होता.

"बर्फ तो बर्फ," बिडवे म्हणाले.

तिन्हीसांज सरली होती. तिनं दुर्बीण रोहिणीकडे वळवली. सुई नेहमीच्या आकड्याच्या अर्ध्यावरच थांबली.

"रोहिणीही निम्म्यावर," ती म्हणाली. "एक तर पट्टी पुरेशी गार नाही, नाहीतर सगळं आकाश बाबांचं सुतक पाळतंय."

बिडवे खो खो हसले. "वा! हे वाक्य भाषणात घेतो. अहो, लोकांना काय कळतंय? डोळ्याला पाणी आलं म्हणजे झालं. सरांचंच नाव होतंय. कुणाचं काय जातंय?"

"बाबांचं."

पानाची पिंक कठड्यापलीकडे गेली. तिनं तोंड फिरवलं.

"उद्या तुम्ही खुशाल बोला," ती म्हणाली. "तुमच्यामागून मी उठेन आणि सगळ्यांसमोर एवढंच विचारेन, रोहिणी किती भरली?"

बिडव्यांचं चघळणं थांबलं. "तुम्ही लगेच मनाला लावून घेता, ताई," ते पुटपुटले. "काक्षीचं राहू दे मग."

शकुंतलेनं कप्पा मोरीत उपडा केला. चोथा तळाला चिकटून बसला होता. तिनं तो नखानं खरवडून काढला.