उरलेली लोकर

बाबा जमिनीवर रांगत होते. एका हातात आईच्या निळ्या लोकरीचा गुंडा, दुसऱ्या हातात खडू, आणि दातांत कात्री, त्यामुळे त्यांचं बोलणं निम्मंच कळत होतं.

"बशी," ते म्हणाले.

मी बशी दिली. त्यांनी ती कोपऱ्यात उपडी ठेवली आणि तिच्या कडेने लोकर अलगद वळवली. घरातले गंजलेले लोखंडी पाइप काढून लवचिक प्लास्टिकचे टाकायचं ठरलं होतं. तो पाइप वळतो खरा, पण बशीच्या गोलाईहून जास्त वाकवला तर मुडपतो. दुकानात उभ्या उभ्या एक तुकडा मुडपून बाबांनी याची खात्री करून घेतली होती.

"कागदावर काढा की नकाशा," मी म्हटलं.

"कागदावर कपाट मध्ये येत नाही."

लाल लोकर गरम पाण्याची, निळी गार पाण्याची. मागच्या भिंतीवर पाणी वाटून देणारी एक पोकळ पितळी दांडी बसणार होती. तिथून प्रत्येक नळाला स्वतंत्र, सलग पाइप जाणार, फरशीखाली कुठेही जोड नाही. म्हणून लोकरही सलग हवी. तुकडा तोकडा पडला तर बाबा गाठ मारत नसत, तो टाकून नवा कापत.

"जिथे सांधा, तिथे वांधा," ते मला समजावत म्हणाले.

"माझ्या स्वेटरचा वांधा झाला त्याचं काय?" आई दारातून म्हणाली. "आता थंडीत न्हाणीघरालाच घाला तो."

मी चहा करायला गेले. आईचा ओटा तिच्या उंचीचा, म्हणजे बुटका. मी बाबांवर गेलेली. आलं किसताना पाठीत वाकावं लागतं.

"कंबर दुखत नाही?" बाबांनी मागून विचारलं.

"दोन-चार दिवसांपुरतं चालतं."

"आता परत कधी येतेस?"

"बघू," मी म्हटलं. फोनवरही हेच विचारत, आणि मीही हेच सांगत असे.

चहा झाल्यावर त्यांनी मला माझ्या जुन्या खोलीत बोलावलं. तिथे आता माझ्या पुस्तकांची खोकी होती.

"भिंतीला पाठ लाव. कोपर वाकव."

"मी काय टेकू आहे?"

"टेकूच. हलू नकोस."

माझ्या कोपराच्या जरा खाली त्यांनी भिंतीवर खडूने फुली मारली. कशासाठी, असं मी विचारलं. "दिवसभर रांगून उंचीचा अंदाज गेलाय माझा," ते म्हणाले, आणि पुन्हा रांगायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

माणसं येणार म्हणून आत्याने घर आवरलं. फरशीवरची लोकर गोळा करून पिशवीत भरली, खालच्या खडूच्या खुणा पुसल्या. तिचं काही चुकलं नाही. पायात दोरे अडकून कोणी पडलं असतं.

पुढे काम सुरू करायची वेळ आली तेव्हा प्लंबर पाइपची भलीमोठी वेटोळी घेऊन आला आणि म्हणाला, "साहेबांचा नकाशा द्या."

आईने पिशवी पुढे केली.

त्याने आत डोकावून पाहिलं. "मावशी, हा नकाशा आहे की मांजराने खेळून टाकलेला गुंडा?"

आई हसली. त्या दिवसांत पहिल्यांदाच. मग म्हणाली, "त्यांनी आखलं होतं तसंच करायचं. थांब जरा."

भिंतींवर जिथे जिथे नळ येणार तिथल्या फुल्या शाबूत होत्या. प्रत्येक तुकडा नेमक्या लांबीचा. मग दांडीच्या जागेपासून एकेक तुकडा पसरायचा आणि तो कुठे पोचतो ते पाहायचं. मी पोथी लावावी तशी ती लोकर लावत गेले. हा स्वयंपाकघराचा, पण दारातून सरळ नेला तर इतका का उरतो? कारण दाराची चौकट त्यांना फोडायची नव्हती. हा न्हाणीघराचा, भिंतीलगत नेला तर तोकडा, आडवा नेला तर बरोबर, असं का? तिथे कपाटाचा पाय होता. बाबा प्रत्येक कोपऱ्यापाशी काय विचार करत होते ते मला कळू लागलं, आणि मी बशी घेऊन त्यांच्यासारखीच रांगू लागले. मला ते संपायला नको होतं.

सगळ्या नळांचे तुकडे जुळले तरी एक लाल आणि एक निळा तुकडा उरला. दोन्ही लांबलचक, दोन्ही सारख्या मापाचे.

"चुकून कापले असतील," प्लंबर म्हणाला.

"चुकलेला तुकडा ते ठेवत नाहीत, टाकून देतात," आई म्हणाली. "हे ठेवलेत."

निळा तुकडा हातात धरून मी दांडीच्या जागेपासून निघाले. घरातला बोळ ओलांडला, बशीचं वळण घेतलं, खोकी बाजूला सरकवली. लोकर माझ्या खोलीतल्या भिंतीशी पोचली, वर चढली, आणि त्या फुलीवर संपली.

"इथे कसला नळ?" आई म्हणाली.

प्लंबरने टेप लावून पाहिली. "बेसिनला हे फार वर आहे. छोटा ओटा असेल. पण मावशी, तुमच्या उंचीला हा वर पडेल."

मी भिंतीला पाठ लावली आणि कोपर वाकवलं. फुली कोपराच्या जरा खाली आली. वाकायची गरज नव्हती.

आईने फुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला नाही बोलले कधी. बोलले असते तर म्हटलं असतं, आधी तिला विचारा."

"विचारलं होतं त्यांनी."

"मग तू काय म्हणालीस?"

"बघू म्हणाले."

आई खाली बसली. तिने उरलेली लाल लोकर निळीच्या शेजारी नीट लावली.

"ताई, ही लाइन टाकू की सोडू?" प्लंबरने विचारलं. "एकदा फरशी बसली की मग सगळं उकरावं लागेल."

"टाका," मी म्हटलं. "मध्ये सांधा नको."

तो पाइपचं वेटोळं आणायला बाहेर गेला. मी फुलीवर तळवा ठेवला. खडू हाताला लागला. आई शेजारीच होती, तरी मी मोठ्याने म्हणाले,

"बाबा, मला घरी यायचंय."