आधीची भाडेकरू

कागदाच्या कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा होता — तपकिरी, अर्धवट, अक्रोडाच्या हिरव्या सालीने काळवंडलेल्या बोटाचा उमटतो तसा. मेतोदीने भिंग जवळ नेलं. वर ताम्ताच्या जुन्या घरमालकिणीने, एतेरीबाईंनी, लिहिलेल्या सात ओळींपेक्षा त्याला तो ठसाच जास्त भरवशाचा वाटला, कारण ओळींत होतं काय? ताम्ता माझ्याकडे तीन वर्षं राहिली, शांत, स्वच्छ, मनमिळाऊ मुलगी, परत आली तर आनंदाने ठेवून घेईन... अशा ओळी आपण कुठे वाचल्यात हे आठवायला त्याला वेळ लागला नाही. खाली, इमारतीच्या दारावर. इथल्या रिवाजाप्रमाणे गेलेल्या माणसाचा फोटो, खाली चार ओळी, वर्ष भरलं की नवा कागद. झ्लातकाचा कागद त्यानेच लिहिला होता — प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. झ्लातका मनमिळाऊ नव्हती. एकेचाळीस वर्षं ती त्याची बायको होती आणि तिला माणसं फारशी आवडत नसत. पण दारावरच्या कागदात तसं कोण लिहितं?

अकरा वाजता फोन करायचा होता. अकराला सतरा मिनिटं होती.

"नुसत्या पत्रावर जाऊ नका, बाबा," कामेन व्हिएन्नाहून म्हणाला होता. "त्या बाईला फोन करा, नीट चौकशी करा. पण एक ऑक्टोबरला भाडेकरू म्हणून घरात माणूस पाहिजे म्हणजे पाहिजे. नाहीतर मी येतो आणि तुम्हाला वृद्धाश्रमात पोचवतो. परत चौदा तास न्हाणीघराच्या फरशीवर पडलात तर?"

आज सप्टेंबरची बावीस. वृद्धाश्रमात माणशी एक कपाट मिळतं, हे मेतोदीने मुद्दाम विचारून घेतलं होतं. एक कपाट. त्याने मान वळवून भिंतभर उभ्या पुस्तकांकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली, जणू त्यांना काही कळेल.

खिडकीतून भाजलेल्या मिरच्यांचा वास आत येत होता. खालच्या अंगणात त्सोन्का पेटत्या चुलीपुढे बसून लाल मिरच्या उलटत होती. मार्चमध्ये तिनेच दार फोडायला लावून त्याला बाहेर काढलं होतं.

"काय हो मेतोदीभाऊ, केलात का फोन?"

"अकराला."

"मुहूर्त काढलाय वाटतं! अहो, चाळीस वर्षं पुस्तकांशी कुजबुजलात, आता एकदा माणसाशी बोला की!"

तो बोलणार होता. प्रश्न त्याने ग्रंथालयाच्या जुन्या कार्डाच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवले होते, शाळेत शिकलेल्या रशियनमध्ये, कारण त्या बाईची जॉर्जियन त्याला येत नव्हती आणि त्याची बल्गेरियन तिला. सिगारेट ओढते का. गॅस बंद करते का. घरी कोणाला आणते का... चौथा प्रश्न लिहून त्याने खोडला होता — एखादा म्हातारा पडला तर तिला ऐकू येईल का.

फोन दुसऱ्याच घंटेला उचलला गेला.

एतेरीबाईंचा आवाज खणखणीत होता, आणि मागे कोणीतरी काहीतरी फोडत होतं, बहुतेक अक्रोडच. नाही ओढत. गॅस दोनदा तपासते, वेडच आहे तिला. आणते कोणाला? "अहो, रात्रपाळी करणारी नर्स ती, घरी येते ती झोपायला! मीच म्हणायची, बाई गं, एखादा मुलगा तरी आण, मला चार पेले जास्त धुवायला लागू देत!" मेतोदी हसला. आपण हसलो याचं त्याला नवल वाटलं. संपलं तर. इतकं सोपं होतं... तो आभार मानायला लागला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आता माझी पाळी."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही तिची चौकशी केलीत. तुमची कोण करणार? पोर परक्या देशात, परक्या पुरुषाच्या घरात राहायला येतेय. तिला आई नाही. तुमच्याकडे याआधी कोणी राहत होतं का?"

मेतोदीने कार्ड बाजूला ठेवलं.

राहत होती. बिल्याना. गेल्या वर्षी, एकोणीस दिवस. इतिहासाची विद्यार्थिनी, तिची पुस्तकं खोलीभर जमिनीवर पसरलेली असत, उघडी, पालथी — पालथं पुस्तक त्याला बघवत नसे. एका दुपारी ती बाहेर गेली असताना तो आत गेला. फक्त नीट लावायची म्हणून. मग हात थांबले नाहीत; प्रत्येकाला ग्रंथालयातल्यासारखा वर्गांक, प्रत्येकाच्या पुठ्ठ्यावर पांढरी चिठ्ठी, प्रत्येकाचं कार्ड... किती वर्षांनी हातांना काम मिळालं होतं! संध्याकाळी ती आली, आणि तो दारात उभा राहिला, शाबासकी मिळेल म्हणून. ती मांडणीसमोर जाऊन एकेक चिठ्ठी वाचत गेली. मग तिने एक हिरवी वही ओढून काढली. तिच्याही पुठ्ठ्यावर चिठ्ठी होती. खाजगी लेखन, रोजनिशी.

"ही तुम्ही उघडलीत?"

वर्गांक द्यायचा तर उघडावंच लागतं. फक्त पहिलं पान, असं त्याने तिला सांगितलं. कामेनला सांगितलं. स्वतःला सांगितलं.

"ऐकताय ना?" एतेरीबाईंनी विचारलं. "नंबर द्या. कोणीही चालेल, तुम्हाला ओळखणारं."

कोणीही. खाली त्सोन्का होती. तिचा नंबर दिला की ती छातीवर हात ठेवून सांगेल, देवमाणूस आहे हो, मुंगीला दुखवायचा नाही! शांत, स्वच्छ, मनमिळाऊ. ओळी तयार होत्या, फक्त फोटो लावायचा बाकी... आणि एक ऑक्टोबरला ताम्ता येईल आणि पुस्तकं इथेच राहतील.

पहिलंच पान नव्हतं ते, त्याने मनात कबूल केलं. मी चार पानं वाचली, उभ्यानेच. चौथ्यावर माझ्याबद्दल होतं — म्हातारा दिवसभर काही बोलत नाही, पण मी खोलीत असले की दाराबाहेर त्याची पावलं थांबतात, भीती वाटते, आणि कधी वाटतं त्याला फक्त विचारायचं असेल, चहा घेतेस का. ते वाचून मी वही मिटली, आणि वर चिठ्ठी चिकटवली. नीट, सरळ, जरासुद्धा तिरकी न जाऊ देता.

"आधीची भाडेकरू..." मेतोदी म्हणाला. "बिल्याना तिचं नाव. ती रागावून गेली. चूक माझी होती. नंबर देतो."

पलीकडे अक्रोड फोडण्याचा आवाज थांबला.

त्याने एकेक आकडा रशियनमध्ये सांगितला, सातवा चुकला, दुरुस्त केला. बाईंनी सगळा परत म्हणून दाखवला आणि म्हणाल्या, "बघते. दुपारी कळवते."

फोन ठेवला तरी त्याचा हात त्यावरच राहिला. अकरा वाजून चौदा मिनिटं. आत्ता, या क्षणाला कुठेतरी बिल्यानाचा फोन वाजत असेल. परका नंबर, परकी बाई, मोडकी रशियन...

"काय म्हणाली हो?" खालून त्सोन्का ओरडली. "आली का पसंतीला?"

"अजून विचारताहेत."

"विचारताहेत? कोणाला? कोणाबद्दल?"

त्याने कार्ड पुढ्यात ओढलं. खोडलेला चौथा प्रश्न कार्डावर अजून वाचता येत होता. वृद्धाश्रम, कपाट, कामेन — सगळं जागच्या जागी होतं, भीतीही. पण ती आता कपाटासाठी नव्हती. दारावर कधीच न चिकटणाऱ्या चार ओळी आत्ता कोणीतरी त्याच्याबद्दल बोलत होतं, तो जिवंत असताना. त्या ऐकायला मिळाव्यात, असं त्याला वाटत होतं — कशाही असोत.