अकरा चुका

भगवंत सरांनी सुप्रियाला क्लासमधून काढलं ते सगळ्या पालकांसमोर. इंग्रजी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेसाठी मंचरला त्यांचा क्लास चालायचा. समानार्थी शब्दांच्या पहिल्या चाचणीत सुप्रियाला तीसपैकी आठ मिळाले. सरांनी पेपर वर धरला आणि तिच्या आईला, निर्मलाला म्हणाले, "ताई, आमचा रिझल्ट शंभर टक्के असतो. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरात इंग्रजी कुठून येणार? पोरीला उगाच ताप देऊ नका."

दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. निर्मलानं पोरीचं दप्तर उचललं आणि ती जिना उतरली. घरी आल्यावर सासूला, बाळाबाईला एवढंच म्हणाली, "आत्या, ह्या माणसाला मी सोडणार नाय."

निर्मला स्वतः दहावी पास. तिनं जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश आणला. शेजारची हर्षाली सुप्रियाच्याच वर्गात, आणि ती सरांच्या क्लासला जायची. तिच्याकडचे समानार्थी शब्दांचे छापील कागद निर्मलानं झेरॉक्स करून घेतले. कांद्याची लागण चालू होती. दिवसभर वाकून रोपं लावायची, चहाच्या वेळेला बांधावर बसून पोरीला शब्द विचारायचे. "बोल्ड?" "ब्रेव्ह." "ह्युज?" "एनॉर्मस." सुप्रिया शाळेत असली की ती एकटीच पुटपुटायची. शेजारच्या सरीतल्या बाया म्हणायच्या, "निर्मलाला लई येड लागलंय."

सरांनी लिहिलेला प्रत्येक शब्द ती कोशात तपासायची. विश्वासच नव्हता त्या माणसावर. दिवाळीच्या सुट्टीत तिला पहिली चूक सापडली. 'सीस' म्हणजे थांबणे. सरांनी त्याच्यापुढे 'ग्रॅब' छापलं होतं, पकडणे. उच्चार जवळचा म्हणून 'सीझ' आणि 'सीस' यांत गफलत झालेली. मग 'स्टेशनरी'. 'ए'च्या स्पेलिंगचा म्हणजे स्थिर, 'ई'च्या स्पेलिंगचा म्हणजे कागद-पेन; सरांनी 'ए'वाल्यापुढे 'पेपर' लिहिलेलं. आठवडाभरात अशा अकरा चुका निघाल्या. निर्मलानं त्या लाल पेनानं वहीत उतरवल्या आणि वही धान्याच्या कोठीत ठेवली.

"जाऊन सांग की त्येला," बाळाबाई म्हणाली. "बाकीच्या लेकरांनी काय घोडं मारलंय?"

"सांगीन. पण सगळी माणसं बसलेली असताना सांगीन."

सुप्रियाला मात्र बरोबर अर्थ पाठ होते, आणि तिनं ते हर्षालीला सांगून टाकले. हर्षालीनं क्लासमध्ये 'सीस'चं उत्तर 'स्टॉप' दिलं. सरांनी तिला उभं केलं आणि 'सीस म्हणजे ग्रॅब' पन्नास वेळा लिहायला लावलं. पोर रडत घरी आली. निर्मलानं ते पन्नास ओळींचं पानही मागून घेतलं.

परीक्षेच्या नऊ दिवस आधी, रविवारी सकाळी, सरांनी पालकांची सभा ठेवली. पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी नवे पालकही बोलावले होते, त्यामुळं निर्मलाला कुणी अडवलं नाही. ती पहिल्या रांगेत बसली. सरांचं भाषण संपलं. "कुणाला काही विचारायचंय?"

निर्मला उठली. "सर, सीस म्हणजे काय? सी-ई-ए-एस-ई."

सरांनी तिला ओळखलं. हसून म्हणाले, "ताई, मुलीला सोडून आता तुम्हीच परीक्षा देताय का? ग्रॅब. पकडणे."

तिनं खूण घातलेलं पान उघडून कोश त्यांच्या हातात दिला. "मोठ्यानं वाचा."

सरांनी मनातल्या मनात वाचलं. कोश मिटला. "छपाईत कधीकधी चूक होते..."

"छपाईत?" निर्मलानं हर्षालीचं पान वर धरलं. "मग ह्या लेकरानं बरोबर सांगितल्यावर पन्नास वेळा चुकीचं का लिहून घेतलं? आणि अजून धा चुका हायेत. वाचू?"

तिनं सगळ्या वाचल्या, सावकाश, एकेका शब्दाचं स्पेलिंग सांगत. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ सर, पोरांचं वर्ष घालवताय व्हय!" खुर्च्या सरकल्या. नवे पालक नावं न नोंदवताच जिना उतरून गेले.

तिसऱ्या दिवशी भगवंत सर तिच्या दारात आले. दाढी वाढलेली, आवाज बसलेला. "ताई, मी बोललो ते चुकलं. पण तुम्ही एकदा कागद दाखवला असता, तर मी त्याच दिवशी दुरुस्त केला असता. मुलांचं तरी भलं झालं असतं."

"माहीत होतं मला," निर्मला म्हणाली. "दिवाळीपासून माहीत होतं. म्हणून तर दाखवला नाय."

सर मान खाली घालून गेले. दारामागं सुप्रिया उभी होती. "दिवाळीपासून?" तिनं विचारलं. निर्मला चुलीकडं वळली. त्या दिवसापासून सुप्रिया शाळेच्या मधल्या सुट्टीत क्लासच्या पोरांना जमवून ते अकरा शब्द घोकून घ्यायला लागली. आईशी कामापुरतं बोलायची.

निकालात सुप्रियाचं नाव आलं. हर्षाली दोन गुणांनी राहिली. ते दोन गुण त्या अकरांतल्याच शब्दांचे असतील, नसतीलही. पण हर्षालीच्या आईनं निर्मलाच्या अंगणात येणं बंद केलं.

जूनमध्ये पोरीला शाळेत सोडायला जाताना निर्मलानं मंचरला जीप थांबवायला लावली. भगवंत सरांच्या क्लासची पाटी उतरवलेली होती. भिंतीवर नुसते चार खिळे राहिले होते. निर्मला खाली उतरली आणि तिनं पोटभर बघून घेतलं. तिला फार बरं वाटलं.

"बघ की," ती खिडकीशी येऊन म्हणाली.

सुप्रियानं मान वळवली नाही. "आई, चल. उशीर होतोय."